जुनी गाडी ऑनलाइन लिलावाला कधी लावावी?

महाडजवळच्या दासगावातून जुनी चारचाकी ऑनलाइन लिलावात विकायची असेल तर वर्षातले दोन काळ धरा. पहिला, शिमग्याच्या आठवडाभर आधीपासून गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यापर्यंत. दुसरा, गौरी-गणपतीच्या विसर्जनापासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत. हा दुसरा काळ अनेकांना खटकेल, कारण पितृपक्षात आपल्याकडे कोणी गाडी घरी आणत नाही. ते खरंच आहे. पण लिलावात तुमच्या गाडीवर बोली लावणारा माणूस गाडी घरी नेणारा नसतो. तो मुंबई-पुण्याकडचा डीलर असतो आणि त्याला दसऱ्याच्या दिवशी आपल्या दुकानासमोर धुऊनपुसून तयार गाडी उभी लागते. गिऱ्हाइकाचा मुहूर्त दसऱ्याचा, तर डीलरची खरेदी त्याच्या तीन-चार आठवडे आधीची. महाड-पोलादपूरकडची बरीच माणसं गिऱ्हाइकाचं पंचांग बघून गाडी लिलावाला लावतात आणि तिथेच बोली कमी येते.

ऑनलाइन लिलाव म्हटलं की काही जणांना अजून बाझी डॉट कॉम आठवतं. २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतलं आणि ईबेचा भारतातला देशांतर्गत बाजार १४ ऑगस्ट २०१८ रोजी बंद झाला. तिथे वस्तू कधी लावायची आणि लिलाव कधी संपवायचा, हे विकणाराच ठरवत असे. आज घरची गाडी लिलावात जाते ती वेगळ्या वाटेने. कार्स२४ सारख्या कंपनीकडे तुम्ही गाडीचा नंबर आणि मॉडेल देता, गाडीची तपासणी होते, फोटोंसकट अहवाल तयार होतो आणि तो डीलरांपुढे ठेवून ऑनलाइन बोली लावली जाते. शेवटची वरची बोली तुम्हाला कळवतात. ती घ्यायची की नाही, हे तुमच्या हातात असतं, पण कळवलेला भाव फार काळ टिकत नाही. म्हणजे घड्याळ कंपनीच्या हातात आणि तपासणीची तारीख तुमच्या हातात. ती तारीख विचार करून घ्या.

वर्षाचं गणित

साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया उन्हाळ्यात येतात, दसरा आणि दिवाळी पाडवा पावसाळ्यानंतर. डीलरने गाडी घेतली की तिचं डेंटिंग-पेंटिंग, सर्व्हिसिंग, कागदपत्रं यात त्याचे दोन-तीन आठवडे जातात. म्हणून शिमग्याच्या सुमारास लावलेली गाडी पाडव्याच्या गिऱ्हाइकाला मिळते आणि पाडव्यानंतरच्या आठवड्यात लावलेली अक्षय्य तृतीयेला. उन्हाळ्याचा आणखी एक फायदा आपल्या भागापुरता खास आहे. फेब्रुवारी-मार्चपर्यंत गाडी पूर्ण वाळलेली असते. रंगाखाली ओल नसते, आत बुरशीचा वास नसतो, तळाला चिखल नसतो. पावसात उभी राहिलेली गाडी ऑगस्टमध्ये तपासणीला नेली की तीच गाडी एक वर्ष जुनी वाटते.

दिवाळी पाडव्यानंतर मात्र बाजार उलटा फिरतो. दसरा-दिवाळीला नवी गाडी घेणारे आपली जुनी गाडी शोरूमला बदल्यात देतात आणि त्या सगळ्या गाड्या नोव्हेंबर-डिसेंबरात एकदम बाजारात येतात. डीलरकडे माल भरपूर आणि मुहूर्त संपलेला. त्यात वर्षअखेर जवळ आली की प्रत्येक जण १ जानेवारीचा विचार करतो, कारण त्या दिवशी गाडीचं वय बाजाराच्या हिशोबात एका वर्षाने वाढतं. डिसेंबरात बोली लावणाराही ते वर्ष आधीच वजा करूनच बोलतो. म्हणून दसऱ्याआधीची संधी हुकली तर नाताळात घाईने विकू नका. वय वाढायचं ते वाढलेलंच असतं, तर फेब्रुवारीअखेर थांबा.

जूनच्या मध्यापासून श्रावणापर्यंतचा काळ दासगावकरांनी विक्रीसाठी टाळावा. वरंध घाट पावसाळ्यात वाहतुकीला अनेकदा बंद होतो, मग भोरमार्गे पुण्याला गाडी नेता येत नाही. ताम्हिणीतून गेलात तरी रस्त्यावर दरडी आणि धुकं. मुंबई-गोवा महामार्गाने पनवेलकडे जाणं शक्य असतं, पण गाडी तपासणीला पोचेपर्यंत चिखलाने माखलेली असते.

बाहेरच्या गोष्टीही भाव हलवतात, तेव्हा बातम्यांवर नजर हवी. उदाहरण २०२५ चं. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी लहान गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं आणि तो २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू झाला. नवी छोटी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो, कारण घेणारा दोन्हींतला फरक मोजतो. ऑगस्टमध्ये करकपातीची चर्चा सुरू झाली तेव्हाच ज्यांनी जुनी गाडी विकली त्यांचं नुकसान टळलं. अर्थसंकल्प, कर परिषद, तुमच्याच मॉडेलची नवी आवृत्ती यांपैकी काही जवळ येत असेल तर मुहूर्ताची वाट पाहू नका.

आठवड्यातला दिवस निवडायचा तर मी मंगळवार ते गुरुवारची सकाळ निवडेन. शनिवार-रविवारी डीलर समोर आलेल्या गिऱ्हाइकांत गुंतलेले असतात. लक्ष्मीपूजन, धुळवड, अनंत चतुर्दशी अशा दिवशी तर बोली लावणारेच कमी असतात. लिलावात भाव वाढतो तो एका माणसाच्या हौसेने नाही, दोन-तीन जणांच्या चढाओढीने. चढाओढीला माणसं जागेवर हवीत.

पुराचं सावट

आपल्या भागात गाडी विकताना एक प्रश्न हमखास येतो: ही गाडी पाण्यात होती का? जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला. आज ही नावं सगळ्या राज्याला माहीत आहेत. एमएच-०६ चा नंबर आणि महाडचा पत्ता पाहून बोली लावणारा सावध होतो. गाडी पुरात नव्हती तर ते सिद्ध करणारे कागद तुमच्याकडे हवेत. पावसाळ्याच्या आधीची आणि नंतरची सर्व्हिसिंगची बिलं जपून ठेवा, त्यांवर किलोमीटरची नोंद असते. विमा कंपनीकडून दावा केला नसल्याचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा इतिहास घ्या. तो सर्वांत बोलका पुरावा.

तपासणारा माणूस काय बघतो, ते आधी घरी स्वतः बघून घ्या. तो पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढतो. रोज हाताला लागणारा पट्टा स्वच्छच असतो. गुंडाळीच्या आत राहिलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मात्र पुराचा गाळ तपकिरी रेघ ठेवून जातो आणि ती रेघ धुऊन सहजी जात नाही. मग तो डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालतो, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर बोट फिरवून गंज बघतो, डॅशबोर्डखाली वाकून वायरींच्या जोडांवर माती आहे का ते पाहतो. पुरात न गेलेल्या गाडीतही कोकणच्या दमट हवेने सीटखाली गंज धरतो. म्हणून गणपतीनंतर, ऊन पडायला लागल्यावर, चारही दारं उघडून गाडी दोन दिवस वाळवा, गालिचे काढून सुकवा, सीटखालची माती घासून काढा. हजार-दीड हजारात आतून धुऊन मिळते, तेही चालेल. पण गाडी खरोखर पाण्यात गेली असेल तर ते लपवू नका. ते तपासणीत निघतंच, आणि नंतर निघालं तर सौदा मोडतो.

पुरात बुडालेल्या गाडीचा लिलाव ही पूर्ण वेगळी गोष्ट. पाणी ओसरल्यावर आधी एकच करायचं, ते म्हणजे चावी फिरवायची नाही. इंजिनात पाणी असताना गाडी सुरू केली आणि इंजिन फुटलं तर साध्या विम्यात ते नुकसान बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी पूर्ण नुकसान धरली जाते. तेव्हा विमा कंपनी विचारते: सांगाडा तुम्ही ठेवणार की आम्ही घेऊ? तुम्ही ठेवलात तर त्याची किंमत भरपाईतून वजा होते आणि तो विकायची जबाबदारी तुमची. मोठ्या पुरानंतर सगळ्यांचे सांगाडे एकाच महिन्यात लिलावात येतात, तेव्हा त्यांना भाव मिळत नाही. माझा स्पष्ट सल्ला आहे की सांगाडा कंपनीला घेऊ द्या आणि आपली भरपाई पूर्ण मागा. तुमच्याकडेच ठेवायचा झाला तर विकण्याआधी आरटीओकडून नोंदणी रद्द करून घ्या. नोंदणी जिवंत असलेला सांगाडा चोरीच्या गाडीला कागद पुरवतो आणि नाव तुमचं असतं.

इथे वेळेचा आणखी एक मुद्दा आहे. विम्याचं नूतनीकरण मे-जूनमध्ये येत असेल तर हप्ता वाचवण्यासाठी आयडीव्ही कमी करून घेऊ नका. वयाप्रमाणे ती उतरतेच: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्याखाली स्वतःहून आणलीत तर पाचशे-हजार वाचतात आणि पुराच्या वर्षी हजारो जातात.

खर्च किती येतो

प्रवासापासून सुरुवात करू. तपासणीसाठी पनवेल-नवी मुंबईकडे गाडी न्यावी लागली तर जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास धरा. लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर सुमारे १,७३० रुपये पेट्रोलचे. टोल आणि जेवण वेगळं. सौदा झाला तर परतताना गाडी नसते, म्हणून एसटीचं किंवा वीर स्टेशनापर्यंत पॅसेंजरचं भाडं धरा. सौदा मोडला तर हाच खर्च दुसऱ्यांदा. गाडी नेण्याआधी फोनवर विचारून घ्या की महाड किंवा माणगावला घरी येऊन तपासणी होते का. होत असेल तर हा खर्चच वाचतो आणि नापसंत भाव नाकारणंही सोपं जातं. दूर गाडी नेलेला माणूस मनातून विकायला तयार झालेला असतो, आणि समोरच्याला ते कळतं.

१ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. महाराष्ट्रात चारचाकीसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये, आणि दुचाकीसाठी ४५० अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात, तेव्हा लिलावाच्या आधीच बसवून घ्या. पीयूसी शे-दीडशे रुपयांचं, पण चालू हवं. महामार्गावरचे कॅमेरे आठवा आणि थकलेली ई-चलनं महाट्रॅफिक ॲपवर पाहून भरून टाका. नाहीतर तीच रक्कम डीलर भावातून कापतो, आणि थोडी जास्तच कापतो.

मालकी बदलाची सरकारी फी चारचाकीला ३०० आणि दुचाकीला १५० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. एजंट ‘आरसी ट्रान्सफर’ म्हणून चार-पाच हजार मागतो तेव्हा हे आकडे लक्षात ठेवा. बाकीचे पैसे त्याच्या कामाचे असतात, ते पटत असतील तर द्या. लिलाव कंपनीचं सेवाशुल्क बोलीतूनच वजा होतं. म्हणून ‘बोली किती’ यापेक्षा ‘सगळं वजा जाता माझ्या खात्यात किती’ असा प्रश्न विचारा आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्या. नाव बदलेपर्यंत काही रक्कम रोखून ठेवणार आहेत का, असेल तर किती आणि किती दिवस, हेही त्याच मेसेजमध्ये. गाडी नेताना ‘हा ओरखडा अहवालात नव्हता’ म्हणून भाव पाडला तर अहवालाची प्रत हातात असायला हवी.

कर हा लोकांच्या मनातला मोठा गोंधळ. जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, असं २०२५ च्या सुरुवातीला सगळीकडे फिरलं. तो नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याच्या नफ्याच्या फरकावर लागतो, घरची गाडी विकणाऱ्या माणसाला नाही. घरच्या वापराच्या गाडीवर भांडवली नफ्याचा करही नाही. मात्र दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेऊ नका. तसं घेणाऱ्यालाच तेवढ्या रकमेचा दंड आहे, देणाऱ्याला नाही.

आता थांबण्याची किंमत. समजा, मे महिन्यात तुमच्या १२०० सीसी पेट्रोल गाडीला ३ लाखांची बोली आली आणि तुम्ही दसऱ्यासाठी थांबायचं ठरवलंत. महिन्याला किमतीच्या एक टक्का घट धरली तर चार महिन्यांत १२ हजार गेले. जूनमध्ये विमा संपत असेल तर या गटातल्या गाडीचा तृतीय पक्ष विम्याचा ठरलेला हप्ता ३,४१६ रुपये, जीएसटीसह ४,०३१. त्यात पावसाळ्यात बसलेली बॅटरी आणि एखादी सर्व्हिसिंग मिळवली तर वीस हजारांचा आकडा होतो. म्हणजे सप्टेंबरची बोली ३ लाख २० हजारांच्या वर गेली तरच थांबल्याचा फायदा. दासगावात, खाडीकाठच्या किंवा डोंगराखालच्या घरासमोर गाडी उभी राहत असेल, तर पावसाळ्याचा धोका या हिशोबात धरायचा राहिलाच. मे महिन्यात बरी बोली आली तर ती घ्या.

एकदा नापसंत बोली आली म्हणून दर आठवड्याला गाडी पुन्हा लिलावात टाकण्यात अर्थ नाही. तेच डीलर तीच गाडी पुन्हा बघतात आणि ‘ही जात नाही’ असा समज पक्का होतो. एका काळात दोन कंपन्यांकडे भाव काढा, एक भाव महाडच्या ओळखीच्या डीलरकडून घ्या, आणि मग ठरवा. महाड औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या हातात दिवाळीचा बोनस येतो तेव्हा थेट ओळखीत विकलेल्या छोट्या गाडीला लिलावापेक्षा चांगला भाव मिळू शकतो, कारण मधला नफा उरत नाही. त्यात वेळ आणि कागदांची जबाबदारी तुमची. मिनिडोअर, विक्रम, मालवाहू टेम्पो या लिलावांत लावायच्या नादी लागू नका. त्यांचा भाव परमिटवर आणि फिटनेसच्या तारखेवर ठरतो, आणि ते समजणारी माणसं महाड-माणगावच्या स्टँडवरच भेटतात. फिटनेस नुकतंच झालेलं असताना विकणं, एवढंच त्यातलं वेळेचं सूत्र.

कागद आणि तारखा

कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आधी मिळवा. या पत्रावर बहुधा मुदत असते, त्यामुळे ते वर्षभर कपाटात ठेवून उपयोग नाही. शिमग्याला गाडी लावायची तर जानेवारीअखेर बँकेत अर्ज जायला हवा. विक्रीच्या वेळी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्यावरच सही करा आणि फोटो काढून ठेवा.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, राज्याबाहेर गेली तर ४५ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचं असतं. आपलं कार्यालय पेणचं. डीलर अधिकृत असेल तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार तो गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९सी ने ऑनलाइन देतो आणि तिथून गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. ‘तुमच्याकडे अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र आहे का आणि २९सी ची पोच कधी देता?’ हा प्रश्न गाडीची चावी देण्याआधी विचारा. टाळाटाळ झाली तर चावी देऊ नका.

यावर मी इतका भर देतो आहे, कारण यात सामान्य घरं उद्ध्वस्त होऊ शकतात. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला की गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ अनेकांच्या हातांत गेली होती आणि भरपाईची जबाबदारी आली ती पहिल्या माणसावर. पैसे खात्यात आले म्हणून निश्चिंत होऊ नका. महिनाभराने परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते पाहा. नसेल तर डीलरला लेखी पत्र, आणि पेणला त्याची प्रत. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहतो. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्यायला विसरू नका. हा बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं दावा नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तिच्या हप्त्यात वापरता येतो.

घरातल्या जुन्या वस्तू

गाडीचं झालं. माळ्यावरची घंगाळं, हंडे, समया, आजोबांच्या ट्रंकेतली नाणी यांसाठी खुला लिलाव अजून ईबेच्या परदेशी संकेतस्थळावर होतो, आणि तिथे वेळ खरोखर तुमच्या हातात असते. लिलाव सात दिवसांचा ठेवला तर तो ज्या वारी, ज्या वेळी सुरू होतो त्याच वारी, त्याच वेळी संपतो. बोली वाढते ती शेवटच्या काही मिनिटांत, म्हणून शेवट घेणाऱ्याच्या सोयीचा हवा. न्यूयॉर्कमधल्या रविवारच्या रात्री नऊला संपवायचा असेल तर आपल्याकडे तो सोमवारी पहाटे साडेसहाला सुरू करावा लागतो, हिवाळ्यात साडेसातला. लंडनच्या रविवारी रात्री आठसाठी आपला सोमवार उजाडण्याआधीचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. वेळ आधी नेमून ठेवता येते, जागं राहण्याची गरज नाही. पितळेच्या वजनामुळे टपालाचा खर्चच नफा खाऊन टाकतो, तेव्हा महाड पोस्टात आधी वजन करून दर विचारा. मोडीच्या भावापेक्षा जास्त उरत नसेल तर घंगाळ घरातच शोभतं.

कायदा मात्र आधी बघा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, कलावस्तू पुरावस्तू ठरतात आणि त्या परदेशी पाठवणं गुन्हा आहे. रायगडच्या पायथ्याच्या या मुलखात शिवराई नाणी अजूनही शेतात सापडतात. जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त मोलाचं असेल तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ पासून बंधनकारक आहे. वारशाने आलेली नाणी विकायची तर मुंबईतल्या परवानाधारक नाणे-लिलाव संस्थांकडे जा. त्यांचे लिलाव ठरलेल्या तारखांना होतात आणि नाणी कित्येक आठवडे आधी द्यावी लागतात.

‘पाच रुपयांच्या जुन्या नोटेला पाच लाख’ अशा जाहिराती मोबाइलवर येतात, त्यांत आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन मागतात. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारांत नाही, त्यासाठी कोणतंही शुल्क घेत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा लिलाव दिसला तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेले असतील तर पहिल्या तासातच १९३० वर फोन करा, कारण तेवढ्या वेळात रक्कम खात्यात अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.